दगडातली पोकळी

१

दर रविवारी दादा सायकलला पिशवी अडकवून बाहेर पडायचा आणि जेवायच्या वेळेपर्यंत दगड घेऊन परत यायचा. नृसिंह हा माझा थोरला भाऊ. हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. मी मुलींच्या शाळेत ड्रॉइंग टीचर होते. राजारामपुरीत एका नव्या घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. दादा, लीलावहिनी, त्यांची अजून रांगायलाही न लागलेली मुलगी छकू, आणि मी.

दादाला दगड झालेले जीव गोळा करायचा नाद होता. आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात जीवाची खूण कुठून सापडणार? पण दादा सांगायचा, लाव्ह्याच्या दोन लोटांच्या मध्ये हजारो वर्षं शांततेची गेली. त्या काळात तळी साठली, तळ्यांत गोगलगायी झाल्या, आणि पुढचा लोट आला तेव्हा ते सगळं चिखलासकट खाली गाडलं गेलं. तो चिखलाचा पातळ थर एखाद्या खाणीत किंवा विहिरीत उघडा पडतो. दादा तोच शोधत हिंडायचा. आणलेले दगड मी परसातल्या नळाखाली जुन्या दात घासायच्या ब्रशनं धुवायची. माती गेली की बोटाच्या पेराएवढे शंख दिसायला लागायचे. मला ते काम आवडायचं.

हे त्रेपन्न सालचं. त्या जानेवारीत पेपरात बातमी आली होती, की आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात एक मासा जिवंत सापडला. असलाच एक युद्धाच्या आधीही मिळाला होता म्हणे, हा दुसरा. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असं समजून शास्त्रज्ञांनी ज्याचे फक्त दगडातले ठसे जपले होते, तो मासा. दादानं बातमी सगळ्यांना वाचून दाखवली. आनंदानं त्याचा आवाज चढला होता.

वहिनी छकूला थोपटत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो मेलाच नव्हता की. तुम्हीच त्याला मेला म्हणत होता."

आम्ही खूप हसलो.

२

मार्च संपता संपता पेठ वडगावहून गणपतरावांचा निरोप आला. त्यांचा मुलगा दादाच्या वर्गात होता. मळ्यात विहीर खणताना कातळाखाली हिरवट मातीचा थर लागला होता. दादा आणि मी एस.टी.नं गेलो.

विहीर बरीच खोल गेली होती. सुरुंग लावून फोडलेल्या कातळाच्या कडा चकाकत होत्या, आणि त्याच्या खाली तो थर, राखेत हिरवा रंग मिसळावा तसा.

"मास्तर, न्या की सगळं," गणपतराव वरून ओरडले. "आमाला काय करायचंय त्याचं? पाणी लागंना झालंय, नुसती माती निघतीया. आणि बाई, तुमी जपून हां. खाली लई घसरतंय."

थर शंखांनी गच्च भरला होता. दादा लहान मुलासारखा गुडघ्यांवर बसून हातोडी चालवत होता. मी बाजूला उभी राहून बघत होते, म्हणून मला ते दिसलं. शंख सगळीकडे होते, पण एका जागी, परातीएवढ्या वर्तुळात, एकही नव्हता. वर्तुळाच्या कडेला मात्र ते एकमेकांवर चढून दाटले होते. वर्तुळाच्या मधोमध नारळाएवढा एक गोटा रुतला होता.

"दादा, इथं शंख का नाहीत?"

"पाण्याचा भोवरा असेल," तो म्हणाला. "हलक्या वस्तू कडेला जातात."

हे पटण्यासारखं होतं. मला पटलंही. गोटा आम्ही घरी आणला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दादानं त्याच्यावर हातोडीचा एकच हलका घाव घातला. गोट्याची सरळ दोन शकलं झाली. आत काहीच नव्हतं. मधोमध मुठीएवढी पोकळी होती, आणि पोकळीच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होत्या.

दादा खूश झाला. म्हणाला, "अगं, हे तर जास्त चांगलं. जीव चिखलात अडकला, चिखल कडक झाला, जीव कुजून गेला. राहिली त्याच्या आकाराची रिकामी जागा. आता तू तुझं प्लॅस्टर ओत म्हणजे तो कसा दिसत होता ते कळेल."

३

प्लॅस्टरचं काम माझ्या हातचं होतं. शाळेत मुलींना चित्रं काढायला पानं, फळं, पावलं असे नमुने लागत, ते मीच ओतायची. पोकळीला आतून तेलाचा हात फिरवला, दह्याइतपत घट्ट प्लॅस्टर कालवलं, दोन्ही शकलं जुळवून सुतळीनं बांधली आणि वरच्या फटीतून ओतलं. प्लॅस्टर आळताना गरम होतं. त्या दिवशी ते झालं नाही. मी दगडावर हात ठेवून बघितला, थंडगार. वाटलं, पुडा जुना असेल.

शकलं उघडल्यावर जे निघालं ते मिटलेल्या मुठीसारखं दिसत होतं, पण मूठ नव्हती. एकसारख्या जाड वळ्या एकमेकींवर गुंडाळल्या होत्या. त्यात अंगठा नव्हता, आणि सुरुवात कुठं, शेवट कुठं ते कळत नव्हतं. वहिनींनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "कालिंदी, ते स्वयंपाकघरात आणू नको."

दादाला एक नमुना पुण्याला कुणा प्राध्यापकांना दाखवायला हवा होता. म्हणून आठवड्यानं मी त्याच साच्यातून दुसरा ओतला. तो पहिल्याहून वेगळा निघाला.

वळ्या सैल झाल्या होत्या. वरच्या दोन वळ्यांमध्ये आता माझी करंगळी जाईल इतकी फट होती. मी पहिला नमुना उचलून साच्यात बसवून पाहिला. तो बसेना. आठवड्यापूर्वी ज्या पोकळीतून तो निघाला होता, त्या पोकळीत तो हलत होता, खुळखुळत होता.

मी स्वतःची समजूत घातली. तेल जास्त झालं असेल. शकलं जुळवताना सरकली असतील. साच्याच्या भिंतीचा पापुद्रा प्लॅस्टरबरोबर निघून आला असेल. ड्रॉइंग टीचरला अशी दहा कारणं सुचतात. दादाला मी काही बोलले नाही. तिसऱ्यांदा अगदी काळजी घेऊन ओतायचं ठरवलं आणि साचा धुवायला घेतला.

दोन्ही शकलांची तोंडं सपाट होती. पोकळी नव्हतीच. पाट्याच्या दगडासारखी सपाट, भरीव तोंडं, आणि दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसत होती.

"तू दुसरा दगड आणलास," दादा म्हणाला.

"घरात दुसरा असा दगड दाखव मला."

तो बराच वेळ शकलं हातात फिरवत राहिला. मग त्यानं ती कोनाड्यात ठेवून दिली आणि हात धुतले. साबण लावून, परत परत धुतले.

४

त्यानंतर काही दिवस चांगले गेले. उन्हाळा तापला. वहिनींनी शेजारच्या शालूबाईंना बोलावून पापडांचा घाट घातला. उडदाचं पीठ कुटून, तेलाचा हात लावून मोठा गोळा ओल्या फडक्याखाली ठेवला आणि दोघी चहाला बसल्या. परत येऊन फडकं उचललं तर गोळ्यात खळगा होता.

"आगं बया, कुणी हात घातला गं पिठात?" शालूबाई म्हणाल्या. "छकू तर पाळण्यात हाय."

मी बाहेर येऊन पाहिलं. खळगा खोल होता. आतल्या भिंतींवर वळ्या होत्या. फडक्यावर मात्र डाग नव्हता, आणि गोळ्याच्या कडेला बोटाची खूणसुद्धा नव्हती. हात घालून काढला तर पीठ कडेला चढतं, चिकटतं. इथं तसं काही नव्हतं. तेवढं पीठ जणू तिथं कधी नव्हतंच.

वहिनींनी तो गोळा गाईला घातला. गाईनं तोंड लावलं नाही.

चार दिवसांनी माझ्या शाडूच्या घमेल्यात तेच झालं. शाडू मी पोत्याखाली भिजवून न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवायची. पोतं उचललं तर खाली पोकळी. मी काय करावं? मला भीती वाटत होती, पण न बघणं त्याहून अवघड होतं. मी तिच्यात प्लॅस्टर ओतलं. या वेळीही ते गरम झालं नाही. निघालं ते मी फळीवर, आधीच्या दोन नमुन्यांच्या शेजारी ठेवलं आणि दादाला हाक मारली.

तिन्ही ओळीनं ठेवल्यावर काही सांगावं लागलं नाही. पहिला घट्ट मिटलेला. दुसरा सैल. तिसऱ्याच्या वळ्या बाजूला झाल्या होत्या, आणि त्यांच्या मधून आतलं काहीतरी दिसायच्या बेतात होतं.

"त्या दगडात काही अडकलं नव्हतं, कालिंदी," दादा हळू म्हणाला. "म्हणजे जीव अडकून कुजला आणि त्याची जागा राहिली, असं नाही. ती जागाच..."

"पुरे," मी म्हणाले. "वहिनी ऐकतील."

त्यानं हातोडी घेतली आणि तिन्ही नमुन्यांचा चुरा केला. मी शाडू परसात उन्हात पसरला आणि वाळून खडक होईपर्यंत तिथून हलले नाही. घरात ओलं, मऊ काही ठेवून द्यायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. कणीक मळली की लगेच लाटायची. लोणी लगेच कढवायचं. वहिनींना मी उन्हाळ्याचं कारण सांगितलं.

एका मऊ गोष्टीचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच मनात आला नाही.

५

वहिनी छकूला सकाळी पाय पसरून तेल लावत, ऊन पाण्यानं न्हाऊ घालत. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली ती नेहमीच्याच आवाजात. "कालिंदी, जरा ये गं. हिला काही चावलंय का बघ."

छकूच्या मांडीवर खळगा होता. लाल नव्हता, सुजलेला नव्हता. कुणी अंगठ्यानं दाबून ठेवावं आणि मांस परत वर येऊ नये, तसा. मी बोट लावलं. छकू खुदकन हसली. तिला काही दुखत नव्हतं.

मी डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी मांडी दाबून पाहिली. ते दाबतील तिथं मांस लगेच वर यायचं, फक्त ती जागा तशीच राहायची. त्यांनी कपाळाला आठी घातली, अशक्तपणा असेल म्हणाले, लालसर औषध लिहून दिलं. निघताना त्यांनी पुन्हा वळून छकूकडे पाहिलं, आणि मला वाटलं ते काही विचारणार. पण ते गेले.

दुसऱ्या दिवशी मांडी स्वच्छ होती. खळगा पोटावर होता, बेंबीच्या बाजूला. मोठा झाला होता. उजेडात छकूला तिरपं धरलं की आतल्या वळ्या दिसत.

वहिनींनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पिठात होतं तेच आहे ना हे?"

मी मान डोलावली.

"आता कुठं जाणार ते? वर?" त्यांचा आवाज चढला. "छातीत? डोक्यात? तिची टाळू अजून भरली नाही, कालिंदी! बोला की कुणीतरी! दगड फोडताना बरं तोंड चालत होतं तुमचं!"

दादा भिंतीला टेकून उभा होता. छकू पाळण्यावरच्या लाकडी पोपटाकडे बघून हात नाचवत होती.

मला जे सुचलं ते शास्त्र नव्हतं. ते मऊ गोष्टीत जातं, एवढं मला दिसलं होतं. गोष्ट कडक झाली की तिथं अडकतं. दगडात ते अडकलं होतं, आणि मी ओलं प्लॅस्टर ओतलं तेव्हा त्याला बाहेरची वाट मिळाली. म्हणजे पोटापेक्षा मऊ काहीतरी त्याच्या अगदी लगत आणायचं, आणि ते आत आलं की कडक होऊ द्यायचं.

"मी तिच्या पोटावर प्लॅस्टर घालते," मी म्हणाले.

६

दुपार होती. मधल्या खोलीची दारं लावून घेतली होती, पण खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. बाहेर गल्लीत कल्हईवाला ओरडत गेला. वहिनींनी छकूला मांडीवर आडवं घेतलं आणि तिचे दोन्ही हात एका हातात धरले. मी तिच्या पोटाला भरपूर खोबरेल लावलं, कोमट पाण्यात प्लॅस्टर कालवलं आणि चमच्याचमच्यानं घालायला लागले. खळगा भरला. मग त्याच्यावर बोटभर जाडीचा थर दिला.

छकू आधी हसली, मग कंटाळली, मग रडायला लागली. मी प्लॅस्टरवर हात ठेवला होता. थंड होतं. पुन्हा थंड.

"सगळं काढ, कालिंदी," दादा म्हणाला.

"थांब."

छकूचं रडणं वाढलं. आणि माझ्या तळहाताखाली काहीतरी सरकलं. हलकंच. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसं. मग प्लॅस्टर झपाट्यानं आळलं. मी कडा सोडवल्या आणि तो तुकडा अलगद उचलला.

खाली छकूचं पोट होतं. गोल, तेलानं चकाकणारं, लाल झालेलं, सगळं भरलेलं. वहिनींनी तिला छातीशी घेतलं आणि त्या आतल्या खोलीत पळाल्या.

तुकडा माझ्या हातात राहिला. खळग्यात ओतलेलं प्लॅस्टर बाहेर आलेलं असायला हवं, उंचवटा असायला हवा. मी तुकडा उलटा केला. उंचवटा नव्हता, भोक होतं. तुकडा बोटभर जाडीचा होता. मी खालून हात लावून पाहिला, खालची बाजू धड होती. आणि वरून बघितलं तर पोकळी आत, आणखी आत जात होती. माझ्या बोटांच्या, तळहाताच्या पलीकडे जिथं काही असूच शकत नव्हतं तिथं जात होती. खिडकीतलं ऊन थेट तिच्यात पडलं होतं. भिंतींच्या वळ्या आता पार मागं सरल्या होत्या. तळाशी ते पूर्ण उघडलं होतं.

मी एवढंच सांगू शकते, की मी त्याला बघत होते तेवढ्या वेळात त्यालाही मी दिसत होते.

दादानं माझ्या हातातून तुकडा हिसकावला, टॉवेलात गुंडाळला आणि तो तसाच अनवाणी घराबाहेर पडला.

७

संध्याकाळी तो परत आला. वडगावला गेला होता. गणपतरावांच्या विहिरीला त्याच आठवड्यात पाणी लागलं होतं. तुकडा त्यानं पाण्यात सोडला म्हणाला. इतकंच बोलला आणि आंघोळीला गेला.

छकूला पुन्हा काही झालं नाही. पावसाळ्यात ती रांगायला लागली, गणपतीत भिंतीला धरून उभी राहिली. घरात कणीक पुन्हा फडक्याखाली मुरायला लागली. मी शाडू भिजवायला लागले. आधी रोज पोतं उचलून बघायची, मग ती सवयही गेली.

दादा मात्र दगड आणेना. छकू त्याच्याकडे झेपावली की तो उठून बाहेर जायचा. वहिनींना वाटलं, पोर दगावली असती म्हणून त्यानं धसका घेतलाय. तो गादी सोडून बाहेरच्या खोलीत फरशीवर झोपायला लागला. दिवाळीत नरकचतुर्दशीला मी तेलाची वाटी घेऊन त्याच्या पाठीमागे बसले, तर वाटी काढून घेत म्हणाला, "मी लावतो माझं." सदरा त्यानं काढलाच नाही.

दिवाळीनंतर पेपरात आलं, की इंग्लंडात आदिमानवाची म्हणून गाजलेली कवटी खोटी निघाली. कुणीतरी जुनी हाडं रंगवून, घासून पुरून ठेवली होती. दादाच्या शाळेतले यज्ञेश्वर मास्तर पेपर घेऊनच घरी आले.

"काय नृसिंहराव! तुमच्या साहेबांनी चाळीस वर्षं जगाला टोप्या घातल्या. तुमचे शंख तरी खरे आहेत का?"

"खोटे असते तर बरं झालं असतं," दादा म्हणाला.

यज्ञेश्वर हसत गेले. त्यानंतर दादानं आम्हाला सांगितलं, की त्यानं मलकापूरच्या शाळेत बदली मागून घेतली आहे. एकटाच जाणार. वहिनी आधी भांडल्या, मग रडल्या, मग छकूला घेऊन शालूबाईंकडे जाऊन बसल्या. मी दादाच्या समोर उभी राहिले.

"हे काय चाललंय? तुझी बायको आहे, पोर आहे. त्या दोघींनी काय म्हणून—"

"टॉवेलातून गार लागत होतं," तो मध्येच म्हणाला. "एस.टी.त गर्दी होती. एक बाई तान्हं मूल घेऊन शेजारी बसली होती. म्हणून मी ते छातीशी घट्ट धरलं. विहिरीत टाकताना उघडून पाहिलं, तर तुकडा सपाट होता."

मला काही कळेना. मग कळलं, आणि मी मान हलवायला लागले. नाही, नाही, नाही.

"इतर कुठं जात नाही ते. कुणी फार जवळ आलं की मात्र हलतं. छकू आली की जास्तच." त्यानं माझं मनगट धरलं. त्याचा हात ऊबदार होता, नेहमीचा, माझ्या भावाचा हात. "तुला खोटं वाटेल म्हणून."

त्यानं माझा तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला, सदऱ्यावरून.

हात टेकला आणि थांबला नाही. सदऱ्याचं कापड माझ्या बोटांबरोबर आत गेलं, मनगटापर्यंत गेलं, आणि तिथं बरगड्या नव्हत्या, ऊब नव्हती, काळजाचे ठोके नव्हते. थंड, गुळगुळीत भिंती होत्या. दादा माझ्याकडे बघत होता. आत माझ्या बोटांभोवती काहीतरी अगदी हळू मिटायला लागलं.

त्यानंच माझा हात ओढून बाहेर काढला.

मलकापूरच्या गाडीवर त्याला पोचवायला आम्ही तिघी गेलो. वहिनींनी छकूला खिडकीशी उचलून धरलं. तिनं दोन्ही हात पसरले, "दा, दा" करत गजांमधून त्याच्या सदऱ्याला हात घालायला लागली. दादा उठला, पलीकडच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला, आणि गाडी सुटेपर्यंत त्यानं दोन्ही हात छातीवर गच्च दाबून धरले होते.